कार्तिकातली मरळ

"ये वो मासोळीबाई, ये माह्या जाळ्यात,
लेकरू तुह्यं ठेवून ये शेवाळ्यात!"

पहाटे बोडीवरून हा आवाज यायचा आणि गोधडीत गुरफटलेल्या माझ्या कानात शिरायचा. बोडी म्हणजे आमच्या गावचा तलाव. घरामागची वाडी संपली की लगेच तिची पाळ, म्हणजे मातीचा बांध, लागते. आवाज आबाजींचा, माझ्या आजोबांचा. जाळं फेकण्याआधी ते मासोळीला बोलावणं करायचे, लग्नाची अक्षत द्यावी तसं. आणि त्यात अट घालायचे की लेकराला आणायचं नाही. त्यांच्या जाळ्याची भोकंही मोठी होती. बोटाएवढं पिल्लू आत आलंच तर फिरून बाहेर जायचं, जत्रेतलं पोर पाळण्याखालून निघतं तसं.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आजोबा मासोळीशी बोलत असतील. शाळेत गेले तेव्हा कळलं की बाकीच्यांचे आजोबा माणसांशीसुद्धा एवढं गोड बोलत नाहीत.

आबाजी मागच्या कार्तिकात गेले. नव्वदी केव्हाच मागे पडली होती. काकड्याचा तो शेवटचा दिवस. टाळ-मृदंग दारावरून गेले, आबाजींनी खाटेवर पडल्या पडल्याच टाळी धरली, आजीला म्हणाले, "चहा ठेव," आणि चहाला उकळी येईतो निघून गेले. आजी अजून त्यावर रागावलेली आहे.

"एवढी घाई होती, तं चहा कायले ठेवाले लावला जी?" ती फोटोला विचारते. "साखर वाया गेली का नाई?"

परवा त्यांची वर्सी झाली. तिथी नेमकी काल्याच्या दिवशीच येत होती, म्हणून गावानं ठरवलं की यंदाचा काला खुशालबुवाच्या, म्हणजे आबाजींच्या, अंगणात फोडायचा. मी साकोलीचं शिवणाचं दुकान बंद करून, दोन बस बदलून आदल्या सांजेला घरी पोचले. अंगणात मांडव पडला होता. आबाजींनी आधीच बजावून ठेवलं होतं, "माह्या वर्सीले रडगानं नको. बुंदी पाडा." त्यामुळे सकाळपासून घरात तुपाचा वास होता, आणि दर थोड्या वेळानं कोणाला ना कोणाला आबाजींची एखादी गोष्ट आठवून हसू फुटत होतं.

आम्ही ढिवर. आमच्या कैक पिढ्या बोडीवर आणि वैनगंगेवर जगल्या. मासोळी धरायची, विकायची, उरली ती खायची. अशा घरातल्या पोरानं विशीत गळ्यात तुळशीची माळ घातली. आसगावकडे एक महाराज कीर्तनाला आले होते. त्यांच्यासमोर आबाजींनी माळ मागितली तेव्हा अख्खा मांडव हसला. ढिवर अन् माळकरी! म्हणजे मांजरानं दुधाची राखण मागितल्यासारखं. आबाजींनी विचारलं, "महाराज, जाळं सोडून देऊ का?" महाराज म्हणाले, "पोटाचा धंदा सोडू नको. जिभेचा सोड."

तेव्हापासून आबाजींनी मासोळी धरली, तोलली, विकली. खाल्ली मात्र नाही.

आणि आजी, सत्यभामाबाई, मासोळीवाचून जिचा घास उतरत नाही, ती या माणसाच्या पदरी पडली. वाडीत तिची वेगळी चूल होती. ती तिथं बसून मिटक्या मारत खायची आणि इकडे ओसरीवर वरणभात खाणाऱ्या नवऱ्याला चव ऐकवायची.

"लग्नात मले कोनी सांगतलं नाई, का नवरा माळकरी आहे म्हनून. सांगतलं असतं, तं मी दुसरा पाह्यला असता."

"आताबी पाह्य ना वो हेमराजच्या माय," आबाजी म्हणायचे. "मी काही आडवा येत नाई. फक्त त्याले काटे काढता येते का, तेवढं विचारून घेजो."

कारण मासोळीचे काटे काढण्यात आबाजींचा हात कोणी धरत नसे. माझ्या बाबांना, म्हणजे हेमराजला, मग आम्हा नातवंडांना मांडीवर घेऊन ते मासोळीचा एकेक काटा वेचायचे, मऊ घास करून तोंडात घालायचे. स्वतःच्या ओठाला बोट लागू द्यायचे नाहीत. नंतर राखेनं हात घासायचे, माळेला हात लावायचे आणि वर पाहून सांगायचे, "पाह्यलं देवा, खाल्लं नाई."

देवाशी त्यांचं असं रोजचं बोलणं होतं. सकाळी पूजेला बसले की आम्ही पाठीवर चढायचो. घंटी वाजवता वाजवता कोणी घसरायला लागलं की आरती मध्येच थांबायची. "थांब जरासा देवा, तू काही पळून जात नाई. पोट्टी पडन." मग एक हात मागे लावून पोरीला धरायचे आणि दुसऱ्या हातानं आरती पुढे चालायची. बाजाराच्या दिवशी पवनीला जाताना सायकलच्या मागे मासोळीची टोपली असे आणि पुढच्या दांडीवर आजी. म्हातारपणीसुद्धा. लोक चिडवायचे, तर म्हणायचे, "टोपली मागं राह्यली तं चालते. बायको डोळ्यासमोर पाह्यजे."

हे सगळं खरं. पण गावात आबाजींची आठवण निघाली की या गोष्टी मागाहून येतात. पहिल्यांदा येते ती कार्तिकातल्या मरळीची गोष्ट.

ती अशी. कार्तिकात महिनाभर आमच्याकडे काकडा असतो. पहाटे मंडळी निघतात, घराघरासमोर थांबून अभंग म्हणतात, बाया दिवा घेऊन दारात येतात. पुढे वीणेकरी. त्या काळी वीणा आबाजींच्या गळ्यात होती, कारण त्यांच्यासारखा आवाज आसपासच्या गावांत नव्हता. काकडा करणाऱ्या घरात त्या महिन्यात मासोळी शिजत नाही. विकायला हरकत नाही, चुलीवर चढवायची नाही. आजीसुद्धा तेवढा महिना तोंड वाकडं करून वरणभात खायची.

माझ्या जन्माआधीचा कार्तिक. काकडा आटोपून मंडळी बोडीवर आंघोळीला उतरली होती. एकाएकी वारा फिरला आणि मरळीच्या रश्श्याचा वास आला. मृदंगवाले श्यामलालबुवा, आबाजींचे जिवाभावाचे दोस्त, वासाच्या मागे मागे पाळीवरून चालत गेले. पुढचं ते दरसाल जसं सांगतात तसं सांगते: पलीकडच्या टोकाला मोहाचं झाड, झाडाच्या फांदीला वीणा टांगलेली, खाली तीन दगडांवर गाडगं, आणि धुरानं डोळे लाल झालेला खुशालबुवा विस्तवाला फुंकर घालतो आहे.

"हे काय होय गा, खुशालभाऊ?"

"मरळ."

"कोनासाठी?"

"माह्यासाठी."

काकड्याचं मंडळ देवळात बसलं. आबाजी हात जोडून म्हणाले, "चुकलो. दंड काय तो सांगा." गळ्यातली वीणा काढून श्यामलालबुवांच्या गळ्यात घातली गेली. माळ आबाजींनी स्वतःच उतरवून देवापुढे ठेवली. आणि आजीनं भर चौकात उभं राहून असा उद्धार केला की कावळे उडाले. "म्या खाल्लं तं नाक दाबून बसते हा मानूस, अन् पाळीवर चोरून रांधते! चोरून!" पोरांनी दुपारपर्यंत गाणं रचलं:

"खुशालबुवा माळकरी,
मरळ शिजे पाळीवरी!"

दुसऱ्या कार्तिकात महाराजांच्या हातून माळ पुन्हा गळ्यात आली. मंडळ वीणाही द्यायला निघालं होतं, आबाजींनी घेतली नाही. "मी बत्ती धरतो," म्हणाले. "मागं राह्यलं का अख्खा काकडा दिसते." तेव्हापासून ते सगळ्यांच्या मागे, गॅसबत्ती घेऊन. पोरं मागे वळून गाणं म्हणायची, तर बत्ती एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरायचे. एकदा तर पोरांचा ताल चुकला म्हणून त्यांनीच दुरुस्त करून दिला.

त्यामुळे या गोष्टीत कडूपणा असा कधी राहिला नाही. ती गावाच्या लाडाची गोष्ट झाली. फक्त एक मला लहानपणापासून दिसायचं. ही गोष्ट निघाली की आई उठून आत जायची.

परवा सकाळीही तेच झालं. आम्ही बाया अंगणात वांगी चिरत होतो. शेजारच्या गोदावरीबाईनं विषय काढलाच.

"काही म्हना, बुवा मोठा जिभेचा पक्का. पन मरळीनं त्यालेबी हरवलं!"

"चोरून!" आजीनं खाटेवरून नेहमीचा सूर लावला. "पाळीवर!"

सगळ्या हसल्या. आईनं विळी आडवी ठेवली आणि वाडीकडे निघून गेली. या वेळी मी मागे गेले. ती आजीच्या वेगळ्या चुलीपाशी उभी होती, पदर तोंडाशी.

"आई, दरवेळी तू काहून उठून जातेस?"

तिनं पदर तोंडावरून बाजूला केला. मग म्हणाली, "ती मरळ मामाजीनं खाल्ली नाई, रीता. मी खाल्ली."

मी चुलीजवळच्या कट्ट्यावर बसले. ती उभ्यानंच बोलत होती, माझ्याकडे पाठ करून, जणू शब्दांना वाट मोकळी हवी होती.

आंधळगावहून ती लग्न होऊन आली तेव्हा सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, नजर वर करायची नाही. पण एका घरात राहायचं तर काहीबाही सांगावं लागतंच. आमच्याकडे ते बकरीमार्फत चालायचं. आई दावणीशी उभी राहून म्हणायची, "बकरे, मामाजीले सांग, आंघोळीचं पानी काढलं." आबाजी ओसरीवरून म्हणायचे, "बकरे, सुनेले सांग, पानी बेस कोमट आहे. अन् तिनं खाल्लं का, तेबी विचार." बकरी मध्ये उभी राहून रवंथ करायची. बाबा म्हणतात, घरातलं सगळं माहीत असलेली तीच एकटी होती.

आईचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. गावातल्या बायांनी लगेच बोट दाखवलं: सुनेनं भलतंसलतं खाल्लं असन. वर्ष उलटलं आणि माझ्या वेळी पुन्हा दिवस राहिले. पाणीही पोटात ठरेना. आणि एका दुपारी, घरात कोणी नाही असं पाहून, ती बकरीच्या गळ्यात पडून रडली. "बकरे, मले मरळीचा रस्सा पाह्यजे वो. दुसरं काहीच नाई पाह्यजे. अन् कार्तिक सुरू आहे. कसं भलतं मागून राह्यली मी!"

भिंतीपलीकडे आबाजी जाळं विणत बसले होते, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून आवाज आला, "बकरे, सुनेले सांग, धान कांडाच्या ढेकीच्या खोलीत टोपली झाकून ठेवली आहे. कोनी यायच्या आत खाऊन घे म्हना."

"मी खाल्लं," आई म्हणाली. "दारामागं बसून, रडत रडत खाल्लं. तो रस्सा पोटात राह्यला, अन् तूबी राह्यली."

काही दिवस असंच चाललं. मग वारा फिरला.

"देवळातून ते घरी आले ना, गळा रिकामा होता. माळबी नाई, वीनाबी नाई. मी दावनीजवळ उभी होती. मले सांगाचं होतं सगळ्याईले ओरडून. तं बकरीले म्हनाले, 'सुनेले सांग, हे आपल्या तिघांतच राहू दे. तू, ती अन् मी. चौथ्याले कळलं तं गाव तिले सोडनार नाई. मले काय, मी हसून काढीन.' अन् त्याईनं खरंच हसून काढलं. जल्मभर."

"मग आज सांग ना, आई."

"सांगाचंच आहे. आज श्यामलालबुवा पुन्हा सांगतीन माईकवर, सगळ्या गावासमोर. आता नाई बोलली, तं मामाजी त्या गान्यातच राहतीन. उद्या तुह्ये पोट्टेबी तेच गानं म्हनतीन." ती वळली. "पन आत्याबाई? तुह्या आजीनं जल्मभर कोसलं मामाजीले. आता या वयात त्याईले सांगू, का तुमी बिनागुन्ह्याच्या मानसाले कोसलं? जेवन तुटन बाई त्याईचं. मामाजीची बदनामी धुवाची, अन् आत्याबाईचा जीव जाळाचा. कोनता हात कापू?"

 ज्या जिवासाठी हे सगळं झालं तो जीव चुलीजवळच्या कट्ट्यावर पाय हलवत बसला होता. मी एवढंच म्हटलं, "तुझ्या तोंडून जे निघेल ते आबाजींना चालेल." ती डोळे पुसून बुंदीच्या कढईपाशी गेली.

दुपारी अंगण भरलं. खुर्चीवर आबाजींचा फोटो, त्याला तुळशीची माळ. मांडवाच्या मधोमध दह्याची हंडी लटकत होती आणि तिच्याखाली पोरं वर तोंड करून उभी. वीणा गळ्यात घेऊन श्यामलालबुवा माईकपाशी आले. ऐंशीच्या घरातले असूनही मिशी अजून काळी करतात. आधी त्यांनी आबाजींच्या आवाजाबद्दल सांगितलं. मग पुराची गोष्ट: कीर्तन ऐकायला आबाजींनी त्यांना वैनगंगेच्या पुरातून डोंग्यानं, छोट्या लाकडी होडीनं, पलीकडे नेलं, आणि उतरल्यावर म्हणाले की डोंग्याला भोक होतं, त्यावर पाय देऊन उभा होतो. लोक पोट धरून हसले. मग बुवांनी घसा साफ केला.

"अन् आता ते मरळीचं सांगू का?"

"सांगा! सांगा!"

त्यांनी सांगितलं. मोहाचं झाड, टांगलेली वीणा, लाल डोळे. "कोनासाठी?" म्हणून त्यांनी माईक लोकांकडे केला आणि सगळा मांडव एका सुरात ओरडला, "माह्यासाठी!" पोरांनी गाणं धरलं. आजीनं खुर्चीतूनच हात उंचावून पालुपद दिलं, "चोरून! पाळीवर!"

मी आईला शोधलं. ती कढईपाशी उभी होती, हातात झारा. आत गेली नाही.

मग ती चालायला लागली. बाया बसल्या होत्या त्यांच्यामधून, झारा तसाच हातात.

"अवो, बुंदी जळन ना!" बाबा मागून ओरडले.

"जळू द्या," आई म्हणाली. लग्नानंतर तिनं बाबांना चार माणसांत दिलेलं हे पहिलं उत्तर असावं. बाबा झटकन कढईकडे पळाले.

तिनं माईक घेतला नाही. पदर डोक्यावरून सरकला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ती मरळ माह्यासाठी होती."

पोरं गातच होती. श्यामलालबुवांनी हात वर केला. गाणं थांबलं.

"मामाजीनं एक घासबी खाल्ला नाई. रीता पोटात होती. माह्या पोटात पानी ठरत नव्हतं. मी बकरीजवळ रडली, ते मामाजीनं ऐकलं. पाळीवर मरळ रांधून आनली, टोपलीखाली ठेवली, मी खाल्ली. तुमी विचारलं तं त्याईनं माह्यं नाव सांगतलं नाई, स्वतःचं सांगतलं. माळ गेली, वीना गेली, तरी नाई सांगतलं. मले बोलाची मनाई केली होती. आज मी ऐकत नाई."

एवढ्या मोठ्या मांडवात बुंदीच्या तुपाचं चुरचुरणं ऐकू येत होतं. गोदावरीबाईनं तोंडावर हात ठेवला, "अगो माय वो!" श्यामलालबुवांनी गळ्यातल्या वीणेकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"खुशालभाऊ," ते वीणेवर हात ठेवून म्हणाले, "मंग मी इतकी वर्स हे कायचं वझं घेऊन फिरलो गा? अन् तू मागं बत्ती धरून मलेच वाट दाखवत होता!"

कोणी तरी हसलं, कोणी नाक ओढलं. आणि मग हळूहळू सगळ्यांची तोंडं आजीकडे वळली.

आई आजीच्या पायाशी बसली होती. "आत्याबाई, माफ करा. तुमी त्याईले कोसत होत्या, अन् मी आत जाऊन ऐकत होती. तुमाले सांगाले पाह्यजे होतं. तुमाले दोस नाई. तुमाले माहीतच नव्हतं."

आजीनं पाय मागे ओढले.

"उठ वो ज्योत्सना. मले काय माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "त्या मानसाले कांदा कापता येत नव्हता. मरळ रांधनं येते का त्याले? तिखटमीठ कोनं देलं त्याले?"

आईनं झटकन मान वर केली.

"हळद, तिखट, भाजलेली जवस. पाट्यावर वाटून, पानात बांधून, कमरेले खोचून देत होती मी रोज. कुठं पानी टाकाचं, केव्हा उतरवाचं, सगळं पढवून पाठवत होती. तरी पहिल्या दिवशी करपवलीच असन."

"थोडीशी," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. "थोडीशी करपली होती."

"पाह्य! मले म्हने, बेस झाली!" आजीनं मांडीवर हात आपटला. "घरात रांधता येत नव्हतं, वास गेला असता. म्हनून पाळीवर. टोपलीबी मीच झाकत होती."

"मंग भाबी," श्यामलालबुवा माईक विसरून बोलले, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं, "चौकात तुमी कोसलं ते?"

"तेबी त्याईनंच सांगतलं. 'जोरानं बोंबल,' म्हने. 'तू चूप राह्यली, तं लोक सुनेकडे पाहतीन.' दंडारीत, गावच्या नाटकात, हे नाचे, सोंगं करत. मले कुठं येते सोंग? पन सुनेसाठी केलं. अन् एकदा बोंबलली, तं मंग जमाले लागलं. सवयच होऊन गेली बाप्पा."

आता मात्र मांडव फुटलाच. गोदावरीबाई हसता हसता शेजारणीच्या अंगावर पडली. पोरांना काही कळलं नव्हतं, तरी ती सगळ्यांत जास्त हसत होती.

"पन आत्याबाई, मले तरी सांगाचं," आई म्हणाली. "एका घरात राहून!"

"तू मले सांगतलं का? त्याईनं तुले मनाई केली, तशी मलेबी केली. म्हने, तिले वाटू दे का कोनाले माहीत नाई. सासूले माहीत आहे म्हटलं, तं लाजून खानार नाई." आजीनं आईच्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला, मग काय वाटलं कोण जाणे, तो पुन्हा मागे सारला. "एका मानसानं दोन बायाईले चूप बसवलं. देवमानूस म्हने!"

ती खुर्चीचा आधार घेत उठली. मी हात द्यायला गेले, तिनं तो बाजूला केला. मांडवातलं हसू आपोआप खाली बसलं. आजी फोटोसमोर जाऊन उभी राहिली. जन्मभर या माणसाला तिनं ओसरीवर, वाडीत, चौकात, सायकलच्या दांडीवरून ऐकवलं होतं, आणि तो मान डोलवत गेला होता. आता तिनं पदराच्या टोकानं फोटोची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"लोकाईसमोर कोसाचं होतं," ती हळू म्हणाली. "घरात सुनेसमोरबी कोसाचं होतं. दुसरं बोलाले जागाच नाई राह्यली जी. रोज म्हनो, उद्या सांगीन."

तिनं फोटोवरची तुळशीची माळ सारखी केली.

"बेस केलं जी तुमी. लय बेस केलं."